तारेपलीकडचा नवरा

१२ मार्च

आलं! घर आलं! ट्रकवर बसून, मागेपुढे लाल दिवे मिरवत, अर्ध्या अ‍ॅरिझोनाची धूळ उडवत आलं. बारा फूट बाय चोवीस. विकणारा त्याला 'केबिन' म्हणतो, माझा नवरा रॉइस 'कोंबड्यांचं खुराडं' म्हणतो. मी घर म्हणते. खाली दोन जाडजूड ओंडके आहेत, त्यांवरून घसरवत ट्रकवाल्यानं मी दगड लावून ठेवले होते तिथेच नेऊन बसवलं. जाताना म्हणाला, "मॅडम, दार वाऱ्याच्या तोंडावर नाही ठेवलंत हे बरं केलंत." अकरा वर्षं व्हॅनमध्ये काढल्यावर माणसाला दुसरं काही नाही तरी वारा कळतो.

पहिलं काम – फळी ठोकली. पुढे पट्टी नसलेली फळी! अकरा वर्षं प्रत्येक फळीला आडवी पट्टी, प्रत्येक कपाला दोरी, प्रत्येक बरणीला जुन्या मोज्याचा अंगरखा. आज फळीवर कप ठेवला आणि हात काढून घेतला. कप जागच्या जागी! डोळ्यांतून घळाघळा पाणी. रॉइस दारातून म्हणाला, "कपाला काय झालं?"

रात्री तो व्हॅनमध्येच झोपला. पाठ अवघडलीय म्हणे, आज ओळखीची गादी बरी.

१५ मार्च

अजून पाठ अवघडलेलीच.

जागेवर मात्र मी खूश आहे. गेल्या शरदात चाळीस एकर घेतले तेव्हा जमीन विकणारा फोनवर एवढंच म्हणाला होता, "जुन्या तारेच्या कुंपणाला लागून आहे, चुकायचं नाही." आम्ही आलो, तार दिसली. तारेच्या अलीकडे दोन जुनिपरची झाडं, मागे उंचवटा, रस्त्यावरून कोणाला दिसणार नाही अशी जागा. रॉइसनं व्हॅन थांबवली, पुढच्या काचेपाशी भांडंभर पाणी ठेवून बघितलं. पाणी हललं नाही. "सपाट," म्हणाला. दोघं एकदमच म्हणालो, "हीच!"

मोजणीदार आणा असं कोणीतरी सुचवलं होतं. कशाला? अकरा वर्षांत शेकडो जागा निवडल्या, एकदाही चिखलात रुतलो नाही. कॅम्पवाल्याची नजर आहे ही. तारेच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं सरकारचं. संपलं.

२१ मार्च

शेजारी येऊन गेला. शेजारी म्हणजे सहा मैलांवरचा. क्लेल नाव. म्हातारा, गुरं पाळतो, ही तार त्याच्या वडिलांनी ओढलेली. पिकअपमधून उतरला नाही, काच खाली करून बसला. बराच वेळ घराकडे बघत होता.

"तुम्ही या बाजूला राहायचं ठरवलंत होय?"

"हो!" मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. आणि हवेबद्दल बोलायला लागला.

मी त्याला गायींबद्दल ऐकवलं. काल तीन गायी थेट दारात! मी झाडू घेऊन धावले तर एक माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तिच्या घरात शिरलेय. "आवरा तुमच्या गायी," म्हटलं. तो म्हणाला, "सांगून बघतो बाई त्यांना. पण त्यांना इथली सवय आहे."

भला माणूस, पण तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा हवा.

२६ मार्च

आज सकाळी जाग आली ती व्हॅनच्या दारांच्या आवाजानं. बाहेर बघते तर रॉइस खुर्च्या दुमडून बांधतोय.

"कुठे निघालास?"

"चौदा झाले."

"काय चौदा?"

"दिवस."

मी कपाळावर हात मारून घेतला. सरकारी जमिनीवर फुकट राहायचं तर चौदा दिवस, मग गाशा गुंडाळून पुढे. हा नियम आम्ही अकरा वर्षं पाळला. क्वार्टझसाइटच्या वाळवंटात पाळला, युटात पाळला, त्याला ताप होता तेव्हाही पाळला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! पण आता? "अरे, ही आपली जमीन आहे. विकत घेतलेली. इथे चौदा वर्षं राहा, कोणी उठवणार नाही!"

"तेच तर," म्हणाला. आणि व्हॅन हलवली. पहिल्या जुनिपरखालून दुसऱ्या जुनिपरखाली. नाक रस्त्याकडे करूनच लावली, नेहमीसारखी. वेळ आली तर उलटी फिरवावी लागू नये. कसली वेळ, कोण जाणे.

९ एप्रिल

दुसऱ्या जुनिपरखालून उंचवट्यामागे.

२३ एप्रिल

उंचवट्यामागून पाण्याच्या टाकीपाशी. ट्रकवाल्यानं घर एकदा बसवलं ते बसलं. नवरा मात्र दर पंधरवड्याला नव्या कोपऱ्यात शोधायचा.

जेवायला येतो. दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, हॅट मांडीवर. राजमा वाढला की "छान झालाय हं" म्हणतो! बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं कधी राजम्याला छान म्हटलं नव्हतं. पाहुणे म्हणतात तसं. मला इतका राग आला की मक्याची पोळी त्याच्यापुढे जवळजवळ आपटलीच.

७ मे

गेला. तारेपलीकडे गेला.

सकाळी म्हणाला, "आर्डिथ, रागावू नकोस. मला इथे झोप येत नाही गं. डोळे मिटले की वाटतं, उद्याही हेच छप्पर, परवाही हेच. जीव घुसमटतो. तिकडे सरकारी जागेवर जाऊन बघतो जरा."

"जरा म्हणजे?"

"चौदा दिवस."

तारेला जुनं फाटक आहे, ते उघडून व्हॅन पलीकडे नेली. इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर. घर घेतल्यामुळे नवरा वेगळा राहायला लागला असं कोणाचं झालं असेल का? घर पाहावं बांधून म्हणतात. पुढचं कोणी सांगत नाही.

८ मे

चेहरा टवटवीत. "लाकडासारखा झोपलो!" म्हणून सांगायला आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात.

३ जून

व्हर्लिनकडे रस्ता समितीची सभा. हा व्हर्लिन आमच्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा स्वातंत्र्यप्रेमी. शहरात असताना सोसायटीच्या कमिटीनं कचऱ्याचा डबा उशिरा आत घेतला म्हणून दंड केला, त्या अपमानापायी सगळं सोडून वाळवंटात आला. इथे येऊन पहिलं काम काय केलं, तर समिती काढली. स्वतःच अध्यक्ष. स्वावलंबनावर व्हिडिओ करतो – कुदळ खांद्यावर, घाम पुसत. कॅमेरा बंद झाला की गावातून पिझ्झा आणतो. जाऊन येऊन ऐंशी मैल!

सभेत नऊ नियम पास झाले. कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही म्हणून आलेली सगळी मंडळी हात वर करत होती. धूळ उडेल अशी गाडी चालवायची नाही – रस्ताच धुळीचा! सोलरचे पत्रे शेजाऱ्याच्या डोळ्यांवर चमकवायचे नाहीत – सूर्याला कोण कळवणार?

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या कुंपणापलीकडे कोणी बेघर माणूस तळ ठोकून बसलाय. जमिनीचे भाव पडतात अशानं."

"बेघर नाही. माझा नवरा आहे तो."

"मग त्याला घर आहे की!"

"तेच मी त्याला रोज सांगते," म्हटलं आणि लिंबूसरबत संपवून उठले.

१९ जून

दुपारी वादळ. समोरचा डोंगर दिसेनासा झाला, मग तार दिसेनाशी झाली. छपराचा पत्रा कोपऱ्यातून फडफडायला लागला. मी आत भिंतीला पाठ लावून बसले होते. तेवढ्यात रॉइस – तोंडाला रुमाल, खांद्यावर सामान आवळायचे पट्टे. दोन पट्टे छपरावरून टाकून घराला ओंडक्यांशी आवळून टाकलं, व्हॅनवर सायकल बांधतो तसं. मग आत आला आणि दार दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. वारा पडेपर्यंत तसाच. मी म्हटलं, बस जरा. "नको, धरतो," म्हणाला.

वारा पडला. मी म्हटलं, "रॉइस, आज इथेच झोप."

त्यानं तोंडावरचा रुमाल सोडला. मग म्हणाला, "कायमचं एकाच जागी झोपायचं म्हटलं की मला ओहायोतली आमच्या घराण्याची दफनभूमी आठवते. आजोबा, वडील, थोरला भाऊ – सगळे ओळीनं. पुढची जागा रिकामी आहे, माझी वाट बघत. फिरता आहे तोवर ती मला गाठणार नाही असं वाटतं. वेडेपणा आहे, माहितीय."

मी त्याच्या केसांतली धूळ झटकली. मग तो गेला तारेपलीकडे.

२ जुलै

पंधरवडा झाला की अजून नियम पाळतो. सगळा पसारा आवरून, ट्रेलरवर टाकी लावून गावाला पाणी भरायला जातो, परत येऊन व्हॅन वेगळ्या झुडपापाशी लावतो. "नवा मुक्काम!" म्हणून मला दाखवायला नेतो. इथून डोंगर कसा वेगळा दिसतो बघ! मी बघते. डोंगर तोच. पळसाला पानं तीनच, पण हे रॉइसला कोण सांगणार?

२४ जुलै

उन्हानं जीव नकोसा. घरात कूलर बसवला. रॉइसला आमिष म्हणूनच, खोटं कशाला बोलू. तो आला, दोन तास गार हवा खाल्ली, पीचची पेस्ट्री खाल्ली, "वाहवा" म्हणाला आणि हॅट घालून निघाला. व्हॅनमध्ये भट्टी पेटलेली असते. तिथे जाऊन लाकडासारखा झोपतो!

आता मला खरंच भीती वाटायला लागलीय. राग होता तोवर बरं होतं. मला सदुसष्टावं लागलंय, गुडघा बोलतो. व्हॅनची पायरी चढताना दाराला लटकावं लागतं. मला परत तिथे जायचं नाही. आणि त्याच्याशिवाय इथे राहायचं नाही. दोन्ही एकदम मिळेल असं काही दिसत नाही.

५ सप्टेंबर

गायींनी माझ्या वाफ्यातला पालक खाल्ला. सगळा. मुळासकट. क्लेलला गाठून फैलावर घेतलं. तो हॅट काढून ऐकत राहिला. शेवटी "वाईट वाटलं बाई, पालकाचं," एवढंच म्हणाला. म्हणजे गायींचं काही चुकलं असं नाहीच!

१४ ऑक्टोबर

अक्षर आज कसंही येतंय.

रॉइस क्लेलच्या पिकअपमधून त्याची पवनचक्की दुरुस्त करायला गेला होता. अकराच्या सुमारास पांढरी सरकारी गाडी आली. रेंजर आराम्बुला, तरुण बाई, कडक इस्त्री, हातात नकाशाचं यंत्र. तक्रार आहे म्हणाली, सरकारी जमिनीवर कोणी महिनोन्महिने मुक्काम केलाय. कोणाची तक्रार हे सांगितलं नाही, पण शेवटी "जमिनीचे भाव" असे शब्द होते म्हणाली. व्हर्लिन! वाळवंटात सरकारला शिव्या देत बसायचं आणि पहिली तक्रार सरकारकडेच!

तिनं फाटकातून जाऊन व्हॅनभोवती फेरी मारली, यंत्रात बघितलं, परत येऊन घराभोवती फेरी मारली, पुन्हा यंत्रात बघितलं.

मी म्हटलं, "नवऱ्याची व्हॅन आहे. आजच हलवायला सांगते. बिचारा दर पंधरवड्याला जागा बदलतो हो."

"हलवायची गरज नाही, मॅडम. ती तुमच्याच जमिनीत आहे. तारेच्या पूर्वेला, पार ओढ्यापर्यंत, चाळीस एकर. तुमचंच नाव आहे."

मी हसले. काही घोटाळा आहे म्हटलं, आमचं तारेच्या अलीकडे.

"अलीकडे सगळं सरकारी," ती म्हणाली. आणि घराकडे बोट केलं. "हे कोणाचं?"

मी खाली बसले. मातीतच. सात महिने! सात महिने मी सरकारी जमिनीवर फळ्या ठोकतेय, पालक लावतेय, गायी हाकलतेय – आणि ज्याला आपल्या जमिनीवर झोप येत नाही तो आपल्याच जमिनीत घोरतोय! मोजणीदार कशाला? कॅम्पवाल्याची नजर! दोन झाडं, सावली, सपाटी, वाऱ्याचा आडोसा. आम्ही जमीन शोधलीच नव्हती, मुक्काम शोधला होता.

ती वाईट नव्हती. म्हणाली, दंड लावत नाही, मुक्कामाचा जो नियम सगळ्यांना तोच तुम्हाला, चौदा दिवसांत हलवा. पण कॉफी घेतली नाही. अतिक्रमणात बसून कॉफी पिणं नियमात बसत नसावं.

१५ ऑक्टोबर

क्लेलकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं की. या बाजूला राहताय का म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

"अहो पण सांगायचं ना, की ही जागा माझी नाही!"

"दुसऱ्याच्या जमिनीबद्दल बोलायची इथे रीत नाही, बाई."

"ती माझी जमीन नव्हतीच!"

"ते झालंच," म्हणाला. मग जरा खाकरून, "आणि गायींचं म्हणाल तर त्या कुरणाचं भाडं मी भरतो. तो पालक तसा माझ्याच चाऱ्यात उगवला होता."

रॉइसला त्यानं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. रीत!

१६ ऑक्टोबर

नाही सांगितलं. तोंड उघडलं आणि "मीठ हवंय का?" विचारलं.

सांगितलं तर काय होईल ते मला दिसतंय. "बघ, म्हणालो होतो ना," म्हणेल. घर विकून टाकू म्हणेल. व्हॅनचं नाक रस्त्याकडे आहेच. आणि मी जाईन त्याच्यामागे, गुडघा ओढत, कारण माझ्यात एकटं राहायची हिंमत नाही. आणि आपल्या जमिनीवर झोपत होतो हे कळल्यावर त्याची तिथली झोपही जाईल. मग तो कुठे झोपणार? चंद्रावर?

१८ ऑक्टोबर

सांगितलं. आज सकाळी न्याहारीला सगळं ओतलं. तार, ओढा, रेंजर, पालक, सगळं. मान वर केली नाही.

आधी त्यानं कप खाली ठेवला. मग तो हसायला लागला. असा हसला की हॅट मांडीवरून पडली, खुर्ची धरावी लागली. "म्हणजे मी तुझ्या जमिनीवर, आणि तू सरकारच्या!" डोळे पुसले, परत हसला. मला रडू कोसळलं तेव्हा थांबला.

"किती दिवस दिलेत?"

"चौदा. त्यातले चार गेले."

"हं," म्हणाला. हॅट उचलली आणि बाहेर गेला. फाटक वाजलं. मग व्हॅनची दारं – एक, दोन, मागचं. तो आवाज मी ओळखते. आवराआवर. मी टेबलाशी तशीच बसून राहिले. कॉफीवर साय धरली. वाटलं, संपलं आता.

दार लाथेनं उघडलं. दोन्ही हातांत सामान होतं. उशी, पांघरूण, सपाता, वाचायचा चष्मा. घरभर नजर फिरवली, तो नव्या मुक्कामावर फिरवतो तशी.

"खिडकीकडची बाजू माझी," म्हणाला. "डोंगर बरा दिसतो इथून."

१९ ऑक्टोबर

सकाळीच क्लेल ट्रॅक्टर घेऊन हजर. जाड साखळी, दोन आकडे. "पालकाची भरपाई समजा, बाई. तासाभरात घर ओढून तारेपलीकडे ठेवतो, तुमच्या हक्काच्या जमिनीत." आत रॉइस अजून घोरत होता. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरून क्लेलपाशी गेले.

"आधी तो ट्रॅक्टर बंद करा," म्हटलं. "सरकारी जागेवरच्या अजून नऊ रात्री आहेत."